झाडाची निगा आणि धंद्याची नीती

(वृक्षनिगेच्या व्यवसायात उतरलेल्या तरुणांसमोर कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वैशाख सरत आला की कोल्हापूरच्या आभाळात दुपारनंतर वळिवाचे ढग दाटू लागतात. एखाद्या संध्याकाळी वारा सुटतो, गुलमोहराची एखादी फांदी रस्त्यावर आडवी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून शहरातल्या घराघरांत आपल्या अंगणातील झाडाची भीती वाटू लागते. नेमक्या याच दिवसांत दारावर दोघेतिघे जण येऊन उभे राहतात. खांद्यावर दोर, हातात कोयता, सायकलला वा टेम्पोला बांधलेली करवत. ‘वैनी, फांद्या तारंला लागल्यात बघा. पैसं नगोत, लाकूड तेवढं न्हेतो.’ गृहिणीला वाटते, फुकटात काम झाले. दोन तासांनी अंगणातल्या चाळीस वर्षांच्या आंब्याचा खांब झालेला असतो आणि टेम्पो वखारीच्या वाटेला लागलेला असतो.

वृक्षनिगेच्या व्यवसायातील नीतीचा विचार या ‘फुकट’ शब्दापासूनच सुरू करावा लागतो. ज्याचा मोबदला लाकडात आहे, त्याचा डोळा झाडाच्या प्रकृतीवर राहणे कठीणच. तो जाड, सरळ, निरोगी फांदी आधी उतरवतो, कारण वखारीत तिलाच भाव. शेंड्याजवळची वाळलेली, किडलेली फांदी, जी खरोखर कोणाच्या तरी डोक्यात पडायची आहे, ती मात्र तशीच राहते. तिथवर चढण्याचे कष्ट मोठे आणि वजन काट्यावर काही भरत नाही. म्हणजे घरमालकाने ज्या भीतीपोटी त्याला बोलावले ती भीती जागच्या जागी, आणि झाडाचे बळ तेवढे गेले. हा माणूस स्वभावतः लबाड असतो असे नव्हे. व्यवहाराची मांडणीच अशी आहे की प्रामाणिक माणसालाही ती लबाडीकडे ढकलते. म्हणून ज्याला हा व्यवसाय सचोटीने करायचा आहे त्याने मजुरी रोख घ्यावी, लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा आणि लाकूड मालकाचे आहे हे कामाला हात घालण्यापूर्वी स्पष्ट करावे. मालकाला ते नको असेल तर त्याच्यासमोर वजन करून, ठरलेल्या दराने त्याची किंमत मजुरीतून वजा करावी. एवढ्या एका शिस्तीने या धंद्यातील निम्मे अनाचार थांबतील.

ही कल्पना परदेशी पुस्तकातून उसनी आणण्याचे कारण नाही. ती कोल्हापूरच्या मातीत तीनशे वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे. रामचंद्रपंत अमात्य हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले. पुढे राजाराम महाराज १६८९ साली जिंजीकडे गेल्यावर स्वराज्याचा भार ‘हुकुमतपन्हा’ या नात्याने त्यांनी पेलला, आणि उत्तरायुष्यात ते करवीरच्या गादीशी एकनिष्ठ राहिले. गगनबावड्याच्या परिसरातील त्यांच्या वतनावरून त्यांचे घराणे बावडेकर म्हणून ओळखले जाते. करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५च्या सुमारास, त्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयीचा तो प्रसिद्ध आदेश येतो. अलीकडे तो ‘शिवरायांचे पत्र’ म्हणून फलकांवर व भ्रमणध्वनीवर फिरत असतो. वस्तुतः तो अमात्यांच्या ग्रंथातला मजकूर आहे, शिवकालीन राजनीतीचे सार त्यात उतरले आहे इतकेच. श्रद्धेपोटी का होईना, दाखला चुकीचा देऊ नये.

त्या आदेशाचा आशय बारकाईने पाहण्याजोगा आहे. जहाजे बांधण्यासाठी लाकूड हवे. सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. मात्र एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती कदापि करू नये.

हा निर्बंध कोणावर होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची थोरवी कळते. समोर समुद्रात सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज उभे असताना आरमाराची निकड ही राज्याच्या अस्तित्वाचीच निकड होती. तरीही राज्यकर्ता स्वतःच्या अधिकाऱ्याला सांगतो की झाड कामातून गेलेले असले पाहिजे, धनी राजी असला पाहिजे आणि मोल चुकते झाले पाहिजे. एक गंमतही नोंदवण्यासारखी आहे. अमात्य म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. खजिना सांभाळणारा माणूस लिहितो आहे की पैसे मोजल्याशिवाय झाड घेऊ नका! आजच्या वृक्षनिगा व्यावसायिकाने या तिन्ही कसोट्या आपल्या पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापून घ्याव्यात.

परंतु नुसता प्रामाणिक हेतू पुरेसा नाही. शस्त्रक्रिया न येणारा सज्जन वैद्य रोग्याला मारतोच. आपल्याकडे वृक्षाला रोगी मानून त्याच्या निदानाचा विचार करण्याची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा त्या विषयावरचा स्वतंत्र ग्रंथच, ज्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती आणि जो १९९६ साली इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाला. वात, पित्त, कफ यांच्या आधारे झाडाचे दुखणे ओळखावे, असे त्याचे सूत्र आहे. त्यातला प्रत्येक काढा आज जसाच्या तसा ओतावा असे कोणी म्हणणार नाही. ते प्रयोगाने तपासावे लागेल. पण आधी निदान आणि मग उपचार, हा क्रम मात्र कालबाह्य झालेला नाही. आपल्याकडे आज तो उलटा झाला आहे. करवत आधी चालू होते आणि झाडाकडे मान वर करून पाहणे नंतर.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनवैज्ञानिकाने हजारो झाडे यंत्रकरवतीने उभी चिरून आतली लाकडे तपासली. त्याने दाखवून दिलेली गोष्ट या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमी लाकडाभोवती आतून तटबंदी उभारते आणि त्यावर नवे लाकूड चढवत जाते. जखम झाकली जाते, नाहीशी होत नाही. म्हणजे आज दिलेला प्रत्येक काप त्या झाडाच्या देहात आयुष्यभर राहणार आहे. काप कोठे द्यायचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारागिरीचा उरत नाही.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे तिच्या बुडाशी एक फुगीर वळी असते. तटबंदी उभारण्याची झाडाची शक्ती तिथेच एकवटलेली असते. काप त्या वळीच्या लगेच बाहेर द्यायचा. वळीसकट, खोडाला घासून कापले तर मोठी जखम खोडालाच होते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत शिरते. जड फांदी एका घावात उतरवू नये. तिच्या वजनाने खोडाची साल खालपर्यंत सोलून निघते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप, आणि भार उतरल्यावर तिसरा, वळीलगतचा अंतिम काप. या तीन कापांना पाच मिनिटे अधिक लागतात. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्याने कूज थांबत नाही असेच प्रयोगांतून दिसले आहे, पण ग्राहकाला काहीतरी ‘औषध’ लावल्याचे समाधान मिळते आणि बिलात एक ओळ वाढते.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो ग्राहकच ‘पार बोडके करा’ म्हणतो तेव्हा. पानांचा कचरा नको, सावलीने शेवाळ धरते, शेजाऱ्याची तक्रार आहे, कारणे अनेक असतात. झाडाचा शेंडा आणि सगळ्या मोठ्या फांद्या मधोमध तोडल्या की झाड घाबऱ्याघाबऱ्या कापाच्या कडेने कोवळ्या फुटव्यांचा झुबका काढते. पाहणाऱ्याला वाटते, झाड कसे जोमाने फुटले! प्रत्यक्षात ते फुटवे आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरवरच्या थरातून निघालेले असतात आणि त्यांच्या खाली उघडा काप कुजत असतो. काही वर्षांत ते फुटवे जाड होतात आणि वळिवाच्या पहिल्या झोतात सुटतात. धोका कमी करण्यासाठी केलेले काम धोका वाढवून ठेवते. यातली मेख अशी की हे काम धंद्याला फार सोयीचे आहे, कारण बोडके केलेले झाड दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बोलावणे पाठवते. रोग टिकवून ठेवून औषध विकणाऱ्या वैद्याला समाज काय म्हणेल? एका खेपेस जिवंत पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. जीर्ण झाडाच्या बाबतीत तर त्याहूनही कमी. ग्राहकाने त्यापुढे आग्रह धरला तर समजावून सांगावे, आणि तरीही ऐकले नाही तर काम सोडावे. त्या दिवसाची मजुरी बुडेल हे खरे आहे, आणि शेजारचा कोणीतरी ते काम करून जाईल हेही खरे आहे.

दुसरी कसोटी कागदावर लागते. ‘हे झाड धोकादायक आहे’ या एका वाक्यात मोठे सामर्थ्य आहे. बंगल्यापुढे गाडी लावायला जागा हवी, दुकानाची पाटी झाकली जाते, इमारतीचा नकाशा मंजूर व्हायचा आहे, अशा वेळी ते वाक्य विकत घ्यायला लोक तयार असतात. ढोली दाखवली की काम भागते. परंतु ढोली म्हणजे मरण नव्हे. पोकळ नळीही भार पेलते. भोवतालचे निरोगी लाकूड बुंध्याच्या त्रिज्येच्या सुमारे एकतृतीयांश इतके जाड असेल तर झाड बहुधा तग धरते, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. लाकडी हातोडीने बुंधा वाजवून पाहिला तरी जाणत्याला पुष्कळ कळते. खरी चिंतेची चिन्हे वेगळी असतात: बुंध्याशी उगवलेली अळंबी, मुळांजवळ जमिनीला गेलेली ताजी भेग, पूर्वी नसलेला आणि वाढत चाललेला कल, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उतरलेली चीर.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. २०१७च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. त्या झाडाविषयी आधी तक्रार झाली होती, पण ते तोडण्याची गरज नसल्याचा निष्कर्ष निघाला होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. तेव्हा झाडावरच्या प्रेमापोटी धोक्याकडे डोळेझाक करणे हीसुद्धा नीती नव्हे. जे पाहिले तेच लिहावे, जे तपासले नाही ते तपासले नाही असे लिहावे, आणि पाहणीची तारीख घालावी. झाड हे सजीव आहे, आजचा निर्वाळा पुढच्या पावसाळ्यानंतर लागू असेलच असे नाही.

कायद्याने या कागदाचे मोल आणखी वाढवले आहे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम १९७५चा. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, पाहणी, झाडावर नोटीस लावून हरकती मागवणे, असा मार्ग आखलेला आहे. ‘तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे हेही येते, याची जाणीव फार थोड्यांना असते. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा यांसारखी झाडे त्याच्या सूचीत आहेत. २०२१ साली नागरी कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानावे आणि एखादे झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, अशी तरतूद आली. हेतू उत्तम. पण त्याबरोबर एक नवा मोह जन्माला आला आहे. साठ वर्षांच्या चिंचेचे वय कागदावर पंचेचाळीस लिहिले की ती वारसा राहत नाही आणि लावायची झाडेही पंधराने कमी होतात. झाडाला जन्मदाखला नसतो. बुंध्याचा घेर, जात, जमिनीचा कस आणि जुन्या शेजाऱ्यांची साक्ष यांवरूनच वय ठरवायचे. ते ठरवणाऱ्याच्या लेखणीला लगाम त्याच्या सदसद्विवेकाचाच.

‘परवानगी काढणे ग्राहकाचे काम, आम्ही नुसती कुऱ्हाड चालवतो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो टिकणारा नाही. परवानगीचा कागद स्वतः वाचावा, त्यातील झाड आणि समोरचे झाड एकच आहे याची खात्री करावी, छाटणीच्या परवानगीवर झाड पाडू नये. रविवारी पहाटे, कचेऱ्या बंद असताना, घाईने आटोपायच्या कामाला जाऊच नये. ज्या कामाला दिवसाउजेडी संकोच वाटतो ते काम कसे आहे हे वेगळे सांगायला नको. आणि काही मागण्यांना तर उत्तरही देऊ नये. खोडाला भोक पाडून ॲसिड किंवा हिंग भरा, बुंध्याची साल गोल सोलून ठेवा, म्हणजे झाड ‘आपोआप’ वाळेल, असे सुचवणारे सुशिक्षित गृहस्थ थोडे नाहीत.

पक्ष्यांचा प्रश्नही येथेच येतो. वैशाख-ज्येष्ठ हा कावळ्यांच्या घरट्यांचा काळ, पाऊस सुरू झाला की बगळ्यांच्या वसाहती गजबजतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. सगळी छाटणी मे महिन्यात करण्याची आपली सवयच चुकीची आहे. माघ-फाल्गुनात पाहणी आणि छाटणी उरकली तर घरटी वाचतात, आणि पावसाच्या ओलीत उघड्या जखमांवर बुरशी धरण्याचे भयही कमी होते.

श्रद्धेच्या झाडांबाबत तारतम्य लागते. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाच्या फांद्या तोडून बाजारात जुड्या विकायला येतात. हे व्रत उभ्या वटवृक्षाचे आहे. त्याचा तोडलेला हात घरी आणून पुजण्यात व्रताचे मर्मच हरवते, आणि झाडांची निगा राखणाऱ्याने तरी असा पुरवठा करू नये. दुसरीकडे, जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा मंदिराच्या शिखरात रुजलेले पिंपळाचे रोप काढायला मजूर कचरतात. ते रोप वेळीच काढले नाही तर काही वर्षांत चिरे फाकवते. ग्राहकाच्या मनात भीती घालून ‘शांती’च्या नावाखाली जादा पैसे उकळणारेही आढळतात. रोप मुळासकट हलक्या हाताने काढून माळावर लावले की दोन्ही गोष्टी साधतात.

मुळांविषयी थोडक्यात. झाडाच्या बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पालवीच्या घेराबाहेर पसरतात. रस्त्याकडेला पेव्हर ब्लॉक बसवताना वा गटार खणताना त्या एका बाजूने सरळ तोडल्या जातात, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते, आणि पुढच्या वादळात झाड पडले की दोष झाडाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आणि झाडांवरील खिळे, फलक हटवण्याचा आदेश दिला होता. कोल्हापुरातील व्यावसायिकाने अंगणातील फरशीकाम पाहिले की तेवढे तरी मालकाच्या कानावर घालावे. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण तोच सल्ला झाडाला सर्वांत उपयोगी पडतो.

अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२४ साली स्थापन झाली. आज ती आंतरराष्ट्रीय स्वरूपाची असून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते आणि आचारसंहिता मोडणाऱ्याचे प्रमाणपत्र काढूनही घेते. आपल्याकडे वैद्यांसाठी, वकिलांसाठी परिषदा आहेत, पण झाडावर करवत चालवणाऱ्याला कोणतीही वैधानिक परिषद विचारत नाही. शासन कधीतरी काही करील याची वाट पाहण्यापेक्षा शहरातील दहा-पंधरा व्यावसायिकांनी एकत्र बसून स्वतःचे नियम लिहिणे सोपे आहे. दुसऱ्याच्या कामाची ग्राहकासमोर नालस्ती न करणे, अंदाजपत्रक लेखी देणे, झाड न पाहता फोनवर भाव न सांगणे, असे साधेच नियम.

त्या नियमांत सर्वांत वर असायला हवा तो झाडावर चढणारा माणूस. नीतीच्या चर्चेत झाडाचा आणि ग्राहकाचा विचार होतो, आणि तीस फुटांवर कमरेला जुना दोर बांधून उभा असलेला मजूर विसरला जातो. तो बहुधा रोजंदारीवरचा, गावाकडून आलेला असतो. चढायला सोपे पडावे म्हणून पायाला खिळ्यांचे कडे बांधून जिवंत झाडावर चढवू नये, त्याने खोडाला दरवेळी नव्या जखमा होतात. वीजतारेजवळचे काम महावितरणकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय सुरू करू नये. ओली फांदी तारेला टेकली की वीज माणसापर्यंत पोहोचते, आणि ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणून केलेली घाई घरातला कर्ता माणूस घेऊन जाते. शिरस्त्राण, सुरक्षापट्टा, दुसरा राखीव दोर आणि विमा यांचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे लिहावा. ग्राहक घासाघीस करू लागला तर इतर रकमेत सूट द्यावी, या रकमेत देऊ नये. दोर रोज सकाळी हाताखालून वीतवीत सरकवून तपासावा, आणि ज्याला चढायचे आहे त्यानेच तो तपासावा.